भावाची चौकट कोणी भरायची?

पत्र : लातुरात आमचं तिघांचं काम आहे. मी क्लायंट सांभाळते, डिझायनर पुण्यातून काम करते, प्रोग्रामर नांदेडला आहे. चाकूर तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीची वेबसाइट आम्ही जूनमध्ये सुरू करून दिली. सोयाबीन, तूर, हरभऱ्याचा रोजचा खरेदी भाव, ओलाव्याची कपात काढायची सोय आणि माल आणायची वेळ आधी ठरवणं, एवढं त्यात आहे. तरी शेतकरी भाव विचारायला केंद्रावर फोनच करतात. सकाळी भाव बदलला तरी काही मोबाइलवर कालचाच दिसतो, रविवारी तर ‘₹0.00’ दिसला. चेअरमन म्हणतात, डिझाइन जमलं नाही, आधी लोगो मोठा करा. डिझायनर म्हणते, मी दिलं तसं बनवलंच नाही. प्रोग्रामर म्हणतो, डिझाइनमध्ये नव्हतं ते मी कुठून आणू? तीस टक्के पैसे अडकलेत. दसऱ्याच्या सुमारास आवक सुरू होईल, त्याआधी दुरुस्ती करायची आहे. चूक कोणाची आणि सुरुवात कुठून करू? साइटची लिंक आणि डिझाइनच्या १४ स्क्रीन सोबत पाठवल्या आहेत.
— एक समन्वयक, लातूर

उत्तर :

चूक कोणाची, हे आधी सांगून टाकतो. रागावू नका, पण मोठा वाटा तुमचा आहे. डिझायनरला तुम्ही पानांची यादी दिली, प्रोग्रामरला डिझाइनची फाइल दिली आणि चेअरमनना स्क्रीनची चित्रं दाखवली. तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी पाहिल्या आणि प्रत्येकाने आपल्यासमोरच्या गोष्टीपुरतं काम नीट केलं. केंद्रावर भाव ठरवणारा आणि फळ्यावर लिहिणारा मुनीम यातल्या कोणालाच भेटलेला नाही. लातूरच्या बाजारात पोटलीतला नमुना बघून भाव निघतो आणि खरी बोलणी ढीग उघडल्यावर सुरू होतात. तुमच्या १४ स्क्रीन म्हणजे पोटली आहे. त्यात सोयाबीनचा भाव कायम ४,५००, कायम आजचा आणि कायम हिरव्या बाणासकट.

सगळं नव्याने करायची गरज नाही. मुखपृष्ठावरची भावाची ती एक चौकट धरा आणि तिघांना घेऊन तिच्यासमोर बसा. साइटचे निम्मे आजार त्या चौकटीत आहेत.

चौकटीबद्दल पहिला प्रश्न : भाव दिवसातून किती वेळा बदलतो? हे फक्त कंपनीला माहीत आहे. बाजारातले सौदे निघाल्यावर एकदा आणि माल घेणाऱ्या प्लांटचा दर आला की कधी दुपारी पुन्हा, असं उत्तर बहुधा मिळेल. प्रोग्रामरला हे कोणी सांगितलं नाही. त्याने मुखपृष्ठ सर्व्हरवर २४ तासांसाठी कॅश करून ठेवलेलं दिसतं. म्हणजे पान एकदा तयार करायचं आणि दिवसभर त्याचीच प्रत सगळ्यांना वाढायची. कंपनीची ओळख, फोटो, पत्ता अशा न बदलणाऱ्या पानासाठी हे शहाणपणाचं आहे : पान पटकन उघडतं आणि स्वस्त होस्टिंगवर भार येत नाही. पण त्याच पानात भाव असल्यामुळे नवी प्रत तयार होण्याआधी ज्याने पान उघडलं त्याला कालचा भाव दिसला. उपाय तासाभराचा आहे. बाकीचं पान दिवसभर कॅशमध्ये राहू द्या. भाव तेवढा वेगळा मागवा आणि त्याची प्रत एका मिनिटापेक्षा जास्त ठेवू नका.

दुसरा प्रश्न डिझायनरसाठी : भाव नसेल तेव्हा चौकटीत काय दिसेल? तिने एक चित्र काढलं, आणि प्रत्यक्षात त्या चौकटीची निदान सात रूपं लागतात. सकाळी आठला आजचा भाव अजून निघालेला नसतो. त्या वेळी ‘आजचा भाव ११ वाजेपर्यंत येईल’ असं ठळक आणि खाली कालचा आकडा तारखेसकट हवा. भाव आला की आकडा, तारीख आणि वेळ. दुपारी बदलला तर नवा आकडा आणि ‘दु. २.१५ पासून’ एवढे शब्द. खरेदी बंद असेल, म्हणजे गोदाम भरलं, बारदाना (रिकामी पोती) संपला किंवा पावसाने काटा झाकून ठेवला, तर आकड्याच्या जागीच मोठ्या अक्षरात ‘आज खरेदी बंद’. हे रूप सर्वांत महत्त्वाचं, कारण ते दिसलं नाही तर शेतकऱ्याला टेम्पोचं जाता-येताचं भाडं बसतं. सुट्टीचं रूप वेगळं : येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, अख्खा जिल्हा शेतात जेवायला असतो आणि त्या दिवशी ‘भाव लवकरच’ असं छापणारी साइट परगावची वाटते. तिथे पुन्हा कधी खरेदी सुरू होणार तो वार लिहा. नेट गेलं असेल तर फोनमध्ये शेवटचा जपलेला भाव दाखवा, ‘काल सायं. ५ चा’ असं वर लिहून. आणि सातवं रूप, मुनीम भाव टाकायला विसरला तर : २४ तास उलटले की आकडा आपोआप फिका होऊन ‘हा भाव जुना आहे, केंद्रावर विचारा’ हे वाक्य आणि फोनचं बटण वर यायला हवं.

ही सात चित्रं काढायला डिझायनरला अर्धा दिवस पुरतो. ती नव्हती म्हणून प्रोग्रामरने डेटाबेसमध्ये भावासाठी एक आकड्याचा रकाना केला आणि रिकामा राहिला तर शून्य धरलं. रविवारच्या ‘₹0.00’चा उगम तोच असणार. शून्य आणि ‘माहिती नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकड्याचा रकाना रिकामा राहू शकला पाहिजे आणि त्याच्या शेजारी स्थितीचा रकाना हवा : चालू, बंद, सुट्टी. हे तीन शब्द चेअरमनच्या तोंडून आले असते तर डिझायनरला चित्रं सुचली असती आणि प्रोग्रामरला रकाने. बैठक हवी ती एवढ्यासाठी.

आता मुनीम. तुम्ही पाठवलेल्या १४ स्क्रीनमध्ये त्याची एकही नाही. त्याला तयार मिळणारं ॲडमिन पॅनेल दिलंय, नऊ रकान्यांचं, लॅपटॉपच्या मापाचं. केंद्रावर सकाळी समोर टेम्पोची रांग, एका हातात ओलावा मोजायचं यंत्र, कानाला फोन. तो नऊ रकाने भरणार नाही आणि भरू नयेत. तो आजही भाव टाकतोच, कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, दहा सेकंदांत. साइट त्याच्यासाठी दुसरं काम झाली, म्हणून ती मागे पडते. मग शेतकऱ्याला एकदा शिळा भाव दिसतो आणि तो पुन्हा फोनकडे वळतो. फोन थांबायचे असतील तर आधी मुनिमाची स्क्रीन बनवा.

ती अशी असावी : फोनवर एकच पान, तीन मालांच्या तीन ओळी. प्रत्येक ओळीत डावीकडे कालचा भाव, उजवीकडे रिकामा रकाना. रकान्यात कालचा आकडा आधीच भरून ठेवायचा मोह होतो, तो टाळा. घाईत बटण दाबलं की कालचाच भाव आजचा म्हणून जातो. आकड्यांचाच कीपॅड उघडावा. ‘खरेदी बंद’ हे वेगळं बटण. बटणांची उंची ४८ पिक्सेलपेक्षा कमी नको, धुळीच्या अंगठ्याने दाबायची आहेत. कालच्यापेक्षा ३०० रुपयांहून जास्त फरक आला तर एकदा विचारावं : ‘४५,००० बरोबर आहे का?’ एक शून्य जास्त पडणं ही इथली सर्वांत नेहमीची चूक. लॉगिन ३० दिवस टिकावं. रोज ओटीपी मागितलात तर आठव्या दिवशी भाव येणं थांबेल. आणि भाव जपला की तयार मजकूर लिंकसकट व्हॉट्सॲपवर पाठवायचं बटण समोर यावं. ग्रुपवर टाकायचं काम त्यात उरकलं, तर मुनीम स्वतःहून साइटपासून सुरुवात करील. ग्रुपशी स्पर्धा करू नका, ती तुम्ही हराल. ग्रुपला जमत नाही ते साइटने करावं : मागच्या महिन्याचे भाव, ओलाव्याची कपात, माल आणायच्या वेळेचं टोकन.

ओलाव्याच्या कपातीचं पान आम्ही वापरून पाहिलं. दिसायला नीट आहे, पण गणित कोणी पडताळलेलं दिसत नाही. पानावर कंपनीची अट दिली आहे : ओलावा १०, माती २, डागी २ टक्के, आणि ओलावा दहाच्या वर गेला की दर टक्क्याला क्विंटलमागे एक किलो कपात. मग २० क्विंटल माल १४ टक्के ओलाव्याचा असेल तर ८० किलो जातात, १९.२० क्विंटलचे पैसे होतात, ४,५०० भावाने ८६,४०० रुपये. इथवर साइट बरोबर आहे. पण ओलावा १२.५ आला की ती १३ धरते. केंद्रावर अर्धा टक्का सोडतात, धरतात की अर्धा किलो कापतात? चेअरमनना हे नेमकं माहीत असेलच असं नाही, मुनिमाला असतं. साइटवर एक रक्कम आणि हातातल्या हिशेबाच्या पट्टीवर वीस रुपये कमी, असं एकदा झालं तरी भांडण काट्यावर होतं आणि ‘साइट खोटी’ हे गावभर होतं.

याची तपासणी सोपी आहे आणि फुकट आहे. मुनिमाकडून गेल्या हंगामातल्या दहा जुन्या पट्ट्या मागवा, शेतकऱ्याचं नाव झाकून फोटो काढा. त्यात दोन कोरड्या मालाच्या, दोन १५ टक्क्यांच्या वरच्या, दोन अपूर्णांकातल्या आणि एखादी हमाली-तोलाई कापलेली येईल असं बघा. प्रोग्रामरने त्यातले आकडे साइटवर टाकायचे आणि रक्कम रुपयापर्यंत जुळवायची. जुळली नाही तर साइटचा नियम चुकला किंवा केंद्रावरचा नियम कुठे लिहिलेलाच नाही. दोन्हींचा निकाल चेअरमनने लेखी द्यायचा. डिझायनरनेही याच पट्ट्या समोर ठेवाव्यात, कारण पानावरची ओळींची क्रमवारी पट्टीसारखीच हवी : वजन, कपात, निव्वळ वजन, दर, रक्कम, मग वजावट. शेतकरी वर्षानुवर्षं ती त्याच क्रमाने वाचतो.

मजकुराबद्दल थोडं सविस्तर, कारण मराठी साइट इथे हमखास मार खाते.

डिझाइन बहुतेक इंग्रजी नमुना मजकुरावर झालं आहे. तिथे बटणात एक शब्द होता, मराठीत ‘माल आणण्याची वेळ निश्चित करा’ आलं आणि तीन ओळी झाल्या. प्रोग्रामरने अक्षर १२ पिक्सेलवर आणलं. उलट करायला हवं होतं : शब्द कमी करायचे, ‘वेळ ठरवा’. अक्षर १६ पिक्सेलच्या खाली नको, देवनागरीला तर १७-१८ बरं. गावांच्या यादीत ‘शिरूर अनंतपाळ’, ‘वडवळ नागनाथ’ अशी नावं भरून पाहा. सर्वांत लांब नाव ज्या रकान्यात मावतं, तेच त्या रकान्याचं माप.

मथळ्यांच्या दोन ओळींत अंतर १.२ पट आहे. इंग्रजीला ते चालतं. आपल्या लिपीत वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या-रफार एकमेकांत घुसतात, मथळ्याला १.४ आणि मजकुराला १.६ ते १.७ ठेवा. अक्षरांमध्ये जास्तीचं अंतर दिलंय, ते शून्य करा. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्द दातपडका दिसतो. फॉन्टची ठळक फाइल जोडलेली नाही, त्यामुळे ब्राउझर साधं अक्षरच फुगवून ठळक करतो आणि ‘क्ष’, ‘द्ध’च्या पोटातली जागा बुजते. साधं आणि ठळक अशी दोनच वजनं घ्या. जोडाक्षरांचे आकार शेकड्यांनी असल्यामुळे देवनागरी फॉन्ट जड असतात, तिसरं वजन परवडत नाही. पानाची भाषा सध्या इंग्रजी अशी नोंदली आहे, ती मराठी करा. मराठी वळणाचे ल आणि श ज्या फॉन्टमध्ये आहेत, त्यांना ते आकार कधी काढायचे हे त्या नोंदीवरूनच कळतं. पानाचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही तीच नोंद लागते.

‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्द साइटवर तीन प्रकारे टाइप झाला आहे. एके ठिकाणी साधा र घेतल्यामुळे रफार चढून तो ‘शेतकर्यांसाठी’ झालाय, ती सरळ चूक. उरलेले दोन दिसायला सारखे आहेत, पण आतून वेगळे : एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, दुसऱ्यात र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. शोधपेटीत एक टाकलं तर दुसरं सापडत नाही. मजकूर जपतानाच दोन्ही एका रूपात आणायचे, प्रोग्रामरचं पाच ओळींचं काम. माहितीपत्रकाचा मजकूर श्रीलिपी या जुन्या फॉन्टपद्धतीत आलाय, असं डिझायनरच्या टिपेत दिसलं. डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमधला मजकूर आला तर तो वेबवर अगम्य चिन्हांसारखा दिसतो. आधी युनिकोडमध्ये रूपांतर आणि मग कोणीतरी शब्द न् शब्द वाचणं. रूपांतरात रफार आणि पहिली वेलांटी हमखास सरकतात. हे वाचण्याचं काम तुमचं आहे, प्रोग्रामरवर टाकू नका.

आकडे मराठी की इंग्रजी? मुखपृष्ठावर ४,५०० आणि कपातीच्या पानावर 4500.00, असं झालंय. ब्राउझरला ‘मराठी, भारत’ पद्धतीने आकडा छापायला सांगितलं की तो आपोआप देवनागरी छापतो, हाताने टाइप केलेले मात्र जसेच्या तसे राहतात. म्हणून ही सरमिसळ. छापील पट्टीवर जे आकडे असतील तेच सगळीकडे घ्या. लिहिण्याच्या रकान्यात मात्र दोन्ही चालले पाहिजेत. कोणी १४ देवनागरीत टाकले तर ‘चुकीची माहिती’ असं लाल अक्षर नको, आतल्या आत बदलून घ्या. आणि नोंदणीत माल ‘मेट्रिक टनात’ विचारलाय. कोण सांगणार? कट्टे, म्हणजे भरलेली पोती, विचारा. कट्टा ५० किलोचा की ६० चा हे केंद्रानुसार ठरतं, तो आकडा मुनिमाच्या स्क्रीनवर बदलता येईल असा ठेवा आणि शेतकऱ्याला खाली ‘अंदाजे १० क्विंटल’ असं लगेच दाखवा.

टोकनचा एसएमएस १५० अक्षरांचा लिहिलाय. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७० आणि जोडसंदेश झाला तर प्रत्येक तुकड्यात ६७. म्हणजे तुमचा मजकूर तीन एसएमएसच्या पैशात जातो. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, सगळं स्वतंत्र मोजलं जातं. ‘तुमची नोंदणी झाली. १४ ऑक्टोबर, सकाळी १० ते १२. टोकन २७’ हे ५४ भरतं, कंपनीच्या नावाला पंधरा-सोळा जागा उरतात. मजकुराचा साचा डीएलटी या एसएमएस नोंदणीच्या व्यवस्थेवर आधी मंजूर करून घ्यावा लागतो आणि नंतर शब्द बदलला तर पुन्हा मंजुरी. म्हणून एसएमएसचा मजकूर पहिल्या आठवड्यातच पक्का करा.

आता माणसांचं. उत्पादक कंपनीला कायद्याने ५ ते १५ संचालक असतात आणि प्रत्येकाकडे व्हॉट्सॲप आहे. ‘रंग जरा उठावदार करा’ हा संदेश रात्री साडेदहाला एका संचालकाने थेट प्रोग्रामरला पाठवायचा आणि त्याने तो करून टाकायचा, हे आजपासून बंद. कंपनीने एकाचं नाव लेखी द्यावं, शक्यतो रोज केंद्रावर असणाऱ्या व्यवस्थापकाचं. बदल त्याच्याकडून, तुमच्याकडे, आठवड्यातून एकदा. आलेल्या सूचनेवर तुम्ही एकच प्रश्न विचारायचा : ‘यामुळे कोणाला काय अडलं?’ उत्तर मिळालं तर ते डिझायनरकडे जाईल, सूचना नाही. रंग उठावदार हवा, याचा अर्थ अनेकदा एवढाच असतो की उन्हात वाचता येत नाही. इथे तेच झालंय : तारीख पांढऱ्यावर फिक्या राखाडी रंगात आहे. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक निदान ४.५ : १ हवा, मोजायची साधनं फुकट मिळतात.

डिझायनर आणि प्रोग्रामर यांच्यातलं ‘दिलं तसं बनवलं नाही’ मिटवायला भाषण लागत नाही. दर शुक्रवारी अर्धा तास, ३६० पिक्सेल रुंदीच्या साध्या अँड्रॉइड फोनवर, चालू साइट उघडून. डिझाइनचं सॉफ्टवेअर, फिग्मा, बंद. दिसलेला प्रत्येक फरक तीनपैकी एका खणात टाका : काम अडतं, गोंधळ होतो, नुसतं खटकतं. पहिले दोन खण आवक सुरू व्हायच्या आत रिकामे करा. तिसरा दिवाळीनंतर, आणि डिझायनरला हे आत्ताच स्पष्ट सांगा. तिला ते आवडणार नाही, पण मथळ्याच्या चार पिक्सेलवरून शुक्रवार वाया जाऊ नये. तिच्याकडून एक पान लिहून घ्या : अक्षरांची चार मापं, पाच रंग, अंतराचं एकक ८ पिक्सेल. प्रोग्रामरने डोळ्याच्या अंदाजाने भरायला काही उरू नये. आणि प्रोग्रामरने काही नवीन रूप स्वतः भरलं तर त्याचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी तिला पाठवायचा.

दुरुस्ती झाली की शेतकऱ्यांना दाखवा. पाच जण पुरतात. चेअरमनच्या भाच्यांना नको, केंद्रावर माल घेऊन आलेल्यांना, त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच नेटवर. ‘आजचा भाव शोधा’ असं म्हणू नका, पानावर तेच शब्द आहेत, ते उत्तर फोडल्यासारखं होतं. म्हणा : ‘समजा घरी २० कट्टे सोयाबीन पडलंय, ओलावा १३ आहे. उद्या आणायचं की थांबायचं, हे यावरून ठरवा.’ मग गप्प बसा. हे सर्वांत अवघड आहे. डिझायनरचा हात आपोआप बोट दाखवायला पुढे जातो. कुठे थांबले, कुठे मागे गेले, कोणता शब्द मोठ्याने दोनदा वाचला, एवढं टिपा. पाचातले तिघे एकाच ठिकाणी अडले तर चर्चा न करता ते बदला. प्रोग्रामरला नांदेडहून एक दिवस बोलवा, एसटीचं भाडं वसूल होईल.

अडकलेल्या तीस टक्क्यांबद्दल : ‘काम पूर्ण झाल्यावर’ या शब्दांवर पैसे अडकतात, कारण पूर्ण म्हणजे काय हे कुठे लिहिलेलं नाही. एक पानाचा कागद करा. दहा पट्ट्या जुळल्या आणि भावाची सातही रूपं फोनवर दाखवली की १५ टक्के. त्यानंतर चार आठवडे मुनिमाने स्वतः रोज भाव टाकला की उरलेले १५. यात तुमचाही धोका आहे, पण मुनिमाची स्क्रीन नीट झाली तर तो घ्यायला हरकत नाही. त्याच कागदावर डोमेन (साइटचा पत्ता) आणि होस्टिंग ही दोन्ही उत्पादक कंपनीच्या नावावर आणि तिच्याच ईमेलवर असल्याचं लिहा. आत्ता डोमेन तुमच्या प्रोग्रामरच्या नावावर दिसतंय. हेतू वाईट नसेल, पण नूतनीकरण चुकलं तर हंगामात साइट बंद पडेल आणि खापर तुमच्यावर.

नोंदणीत आधार क्रमांक आणि सातबाऱ्याचा फोटो मागितलाय. टोकन द्यायला नाव, गाव, मोबाइल आणि कट्टे पुरतात. बाकी कागद केंद्रावर घेतातच. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आलाय आणि गरजेपुरतीच माहिती घ्यावी असं तो सांगतो. कायदा बाजूला ठेवला तरी तो रकाना पाहून फॉर्म अर्ध्यावर सोडणारे खूप असतील. काढून टाका.

क्रम असा ठेवा : उद्या मुनिमाकडून पट्ट्या. या आठवड्यात केंद्रावर सगळ्यांची दीड तासाची बैठक, भावाची चौकट आणि सात रूपं, त्याच दिवशी कॅशची दुरुस्ती. पुढचा आठवडा मुनिमाची स्क्रीन. तिसऱ्यात मजकूर आणि कपातीचं गणित. चौथ्यात पाच शेतकरी. यात नवीन पान एकही नाही. कोणी ‘फोटो गॅलरीही टाकू’ म्हणालं तर दिवाळीनंतर.

राहिला लोगो. हसण्यावारी नेऊ नका, चेअरमनना विचारा तो मोठा का हवा. परिसरात मिळत्याजुळत्या नावाची दुसरी कंपनी असेल आणि शेतकरी बारदान्यावरच्या चिन्हावरून ओळखत असतील, तर त्यांचं म्हणणं रास्त आहे. मग नुसता मोठा करून भागणार नाही. बारदान्यावरचं चिन्ह आणि साइटवरचं चिन्ह एकच आहे का ते बघा, कारण तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनमध्ये डिझायनरने ते ‘सुटसुटीत’ करून बदललेलं दिसतंय.